‘कसं आहे?’ नको, ‘कुठवर आलात?’ विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोसायटीतल्या चाळीस जणांचा ‘सध्या काय वाचताय’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट तुम्ही काढलात. पहिले दोन महिने झकास गेले. आता नुसते मुखपृष्ठांचे फोटो येतात आणि खाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ असे शेरे आणि अंगठे. एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक पुस्तकाचा लांबच लांब सारांश टाकतात, तो कुणी उघडत नाही. एका कादंबरीवरून दोघांचं वाजलं आणि त्यातले एक गट सोडून गेले. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मला स्वतःलाही आवडलं याच्यापुढे काही सुचत नाही. नियम करू की गट बंद करू? आणि तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?’

यातलं ‘मला स्वतःलाही’ हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते. गट चालवण्याच्या युक्त्या कुणीही सांगेल. पण खरी गाठ त्या वाक्यात आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी चोवीस वर्षं ग्रंथपाल होते. ‘ब’ वर्गाचं वाचनालय, म्हणजे अनुदान बेताचं आणि कर्मचारी मला धरून तीन. त्यातली सोळा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचकांची बैठक घेतली. कधी बावीस माणसं असायची, कधी चार. एकदा आषाढातल्या पावसात मी आणि आमचे शिपाईमामा असे दोघंच होतो, आणि ती बैठक मला अजून आठवते, पण ते पुढे.

तुमच्या गटातली माणसं वाचतायत. फोटो येतायत म्हणजे पुस्तकं घरात येतायत, निदान उघडली तरी जातायत. घोडं अडलंय ते प्रश्नापाशी. ‘पुस्तक कसं आहे?’ असं विचारलं की समोरच्याला निकाल द्यावा लागतो. निकाल द्यायचा म्हणजे पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, समजलेलं हवं, आणि चारचौघांत चुकीचं ठरणार नाही असंही हवं. आपल्या डोक्यात शाळेतला तो प्रश्न अजून बसलेला असतो, ‘लेखकाला काय म्हणायचे आहे ते पाच-सहा ओळींत लिहा’. पन्नाशीच्या बँक मॅनेजरलाही पुस्तकावर बोलायचं म्हटलं की तपासनीस समोर दिसतो. मग तो सुटकेचा शब्द शोधतो. ‘अप्रतिम’ हा सुटकेचा शब्द आहे. ‘निःशब्द’ तर कबुलीच आहे.

मला हे कळलं ते देवघेवीच्या टेबलावर. पहिली आठ-नऊ वर्षं मी पुस्तक परत घेताना न चुकता विचारायचे, ‘कसं वाटलं?’ आणि न चुकता उत्तर यायचं, ‘छान आहे.’ पुस्तक कुठलंही असो. एक एसटीचे कंडक्टर आमचे सभासद होते. ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या सोडून दुसरं काही न्यायचे नाहीत. ते ‘मृत्युंजय’ परत करायला आले. आता ‘मृत्युंजय’ची रचना अशी आहे की ती एकट्या कर्णाच्या तोंडून येत नाही, कुंती, दुर्योधन, वृषाली, कर्णाचा धाकटा भाऊ शोण, श्रीकृष्ण असे निरनिराळे लोक आपापल्या तोंडाने ती सांगतात. मी त्या दिवशी कंटाळून वेगळंच विचारलं, ‘यातलं कुणाचं बोलणं जास्त पटलं?’ ते थांबले. मागे रांग होती. म्हणाले, ‘शोणाचं. भाऊ मोठा झाला की धाकट्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे.’ आणि निघून गेले.

तोवर ती कादंबरी मी कमीत कमी दोनशे वेळा तरी दिली-घेतली असेन. शोणाबद्दल माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. त्या माणसाकडे बोलायला काही नव्हतं असं थोडंच होतं? इतकी वर्षं मीच वेडगळ प्रश्न विचारत होते.

त्यानंतर मी प्रश्न बदलत गेले. काही फसले. ‘आवडतं पात्र कोण?’ हा फसला, कारण तो पुन्हा शाळेत नेऊन बसवतो. ‘यातून काय घेतलंत?’ हा सगळ्यात वाईट, त्याला उत्तर म्हणून सुविचार येतो. टिकला तो एकच, आणि तो फार साधा आहे: ‘कुठवर आलात?’

हा प्रश्न का चालतो, तर तो पुस्तक संपायच्या आधी विचारता येतो. तुमच्या गटाच्या नावातच ‘सध्या’ आहे, पण लोक संपलेल्या पुस्तकांचे फोटो टाकतायत. संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस निकाल देतो. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल तो अंदाज बांधतो, तक्रार करतो, विसरलेलं नाव आठवायचा प्रयत्न करतो, म्हणजे बोलतो. अर्ध्यावर कुणी चूक ठरत नाही. ‘मला वाटतंय हा मास्तर शेवटी पळून जाणार’ हे वाक्य पान ऐंशीवर बोलता येतं, शेवटचं पान मिटल्यावर बोलता येत नाही. आणि ज्याने ते पुस्तक आधी वाचलंय त्याला गप्प बसून हसता येतं, तेही गटाला चांगलं असतं.

दुसरा फायदा असा की अर्ध्यावर सोडलेली पुस्तकं उजेडात येतात. आमच्या बैठकीत पहिली तीन-चार वर्षं कुणी ‘मी सोडून दिलं’ म्हणालं नाही. मी स्वतः एकदा सांगितलं की एक गाजलेली कादंबरी मी तीनदा धरली आणि तिन्ही वेळा साधारण त्याच प्रकरणापाशी टाकली. खोलीत एकदम हशा पिकला आणि मग एकेकाची यादी सुरू झाली. त्या संध्याकाळी दीड तास आम्ही फक्त न वाचलेल्या पुस्तकांवर बोललो. कुठे सोडलं आणि का सोडलं, यातून पुस्तकाबद्दल जेवढं कळतं तेवढं स्तुतीतून कळत नाही. कुणाला बोलीभाषा जड गेली, कुणाला पात्रं फार, कुणाच्या घरात तेव्हा आजारपण होतं आणि पुस्तकात मरण आलं. शेवटचं कारण पुस्तकाचा दोष नव्हे, पण पुढच्या वाचकाला ते ठाऊक असलेलं बरं.

आता तुमचा खरा प्रश्न, ‘आवडलं’च्या पुढे काय बोलायचं? मी एक उदाहरणच देते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालची, लहानशी, दोन बैठकांत संपणारी. बहुतेकांनी वाचलेली तरी असते किंवा वाचायची राहिलेली तरी. तुमच्या गटात आज कुणी टाकलं तर असं पडेल: ‘बनगरवाडी. ग्रामीण जीवनाचं विलक्षण चित्रण. माडगूळकरांच्या लेखणीला सलाम.’ याला उत्तर काय द्यायचं? अंगठाच.

आता हे बघा: ‘बनगरवाडी, निम्म्यावर आहे. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलाय आणि पोरं सगळी मेंढरांमागे. मला वाटलं होतं, मास्तर येणार आणि वाडी सुधारणार अशी गोष्ट असेल. पण इथे वाडीच मास्तरला कामाला लावतेय. एक प्रसंग डोक्यातून जात नाही. शेकूकडे बैल एकच, तर दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू ओढते, आणि लेखक त्यावर एक शब्दही हळहळत नाही. कारभारी चांगला माणूस आहे की नाही ते मला अजून ठरवता येत नाहीये. कुणी वाचलंय?’

यात विद्वत्ता कुठेही नाही. मी कुठवर आलोय, काय वाटलं होतं आणि काय निघालं, डोक्यात राहिलेला एक प्रसंग, आणि एक न सुटलेली गोष्ट, एवढंच आहे. ती शेवटची न सुटलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण दुसऱ्याला तिथून आत शिरता येतं. कारभाऱ्याबद्दल गटातल्या पाच जणांना तरी काही म्हणायचं असेल. ‘लेखणीला सलाम’ला फाटकच नाही.

प्रसंग एकच सांगायचा, हे मात्र मी हट्टाने पाळायला लावायचे. तीन सांगितले की गोष्ट सांगणं सुरू होतं. ज्या गृहस्थांच्या सारांशांचा तुम्हाला त्रास होतोय तसे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे होते. दर बैठकीला फुलस्केपची चार पानं लिहून आणायचे, पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत. लोक कंटाळायचे, आणि मी पहिलं वर्षभर त्यांना मध्येच तोडायचे. ती माझी चूक होती. त्यांना वाईट वाटायचं आणि पुढच्या वेळी ते पाच पानं आणायचे. मग एकदा मी त्यांना विचारलं, ‘सर, ही चार पानं चोरीला गेली आणि एकच ओळ हाती राहिली, तर कुठली ठेवाल?’ त्यांनी चष्मा काढला, कागद उलटेपालटे केले आणि अशी काही ओळ काढली की सगळे सरसावून बसले. सारांश लिहिणारा माणूस मन लावून वाचणारा असतो. त्याला काय गाळावं हे कळत नसतं इतकंच. तुमच्या गृहस्थांना फोन करा, गटावर जाहीर सांगू नका. आणि त्यांच्याकडे एखादं काम द्या. आमच्या सरांकडे मी जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांचा माग काढायचं काम दिलं होतं. कुठल्या वाचनालयात प्रत आहे, कुणाच्या माळ्यावर आहे, ते त्यांच्याइतकं कुणाला सापडायचं नाही.

शेवट सांगावा की नाही यावर तुमच्याकडे भांडण झालंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण होईल. रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्याला माझ्या मते चहा पाजायला लावावा. बाकी ठिकाणी एवढं मनाला लावून घेऊ नये. ‘मृत्युंजय’ हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कर्णाचं काय होणार हे आजीच्या मांडीवरच कळलेलं असतं, तरी माणसं ती रात्र रात्र जागून वाचतात.

आता वाजल्याबद्दल. कुठल्या कादंबरीवरून वाजलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. आमच्याकडे ‘कोसला’वरून वाजलं, आणि महाराष्ट्रात दर दहा वाचक-बैठकांतल्या पाच तरी तिच्यावरून फुटल्या असतील असा माझा आपला एक अंदाज आहे. अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी म्हणाली, ‘मला कंटाळा आला. हा पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे उडवतो आणि मग जगाला नावं ठेवतो.’ एक ज्येष्ठ सभासद ताडकन म्हणाले, ‘तुला समजलेलंच नाही.’ ती गप्प झाली. मला वाटलं, गेली ही, आता परत येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या बैठकीत एकच वाक्य वर्ज्य झालं, ‘तुम्हाला समजलं नाही’. बाकी काय वाटेल ते बोला. पुस्तक भिकार आहे म्हणा, लेखकाला भाषा येत नाही म्हणा, चालेल. पुस्तकावर बोला, वाचणाऱ्यावर बोलू नका. तुमच्या गटाला नियम हवाच असेल तर हा एक पुरे. सात नियमांची पाटी लावलीत तर लोक नियमांवरच चर्चा करतील.

ती मुलगी पुढच्या महिन्यात आली, आणि तिच्याबरोबर तिची आई आली. ‘कोसला’ अर्पण केलीय ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’. आईने घरी तेवढंच पान वाचलं होतं. त्या ज्येष्ठांकडे बघून म्हणाल्या, ‘माझी मुलगी शंभरावी आहे, तिला सोडून द्या.’ ते गृहस्थही हसले. खरं सांगायचं तर मला ‘कोसला’ फार आवडते, त्यातलं मनीचं, म्हणजे पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मरण मी आजही सलग वाचू शकत नाही. पण कंटाळा आला हे मतही खरंच होतं, आणि पैसे उडवण्याचा मुद्दा मला आधी कधी सुचला नव्हता. नोकरी लागेपर्यंत कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या पिढीला तो पहिल्याच पानांत दिसतो.

यात परिस्थितीनुसार बदलतं ते बरंच आहे, तेही सांगते.

तुमचा गट शेजाऱ्यांचा आहे. म्हणजे सकाळी ज्यांच्याशी मतभेद झाले ते संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटणार. वाचनालयात ही अडचण थोडी कमी असते, बैठक संपली की माणसं पांगतात. शेजाऱ्यांत लोक जास्त सांभाळून बोलतात आणि बिनसलं तर जास्त दिवस बिनसतं. म्हणून लेखी चर्चेपेक्षा महिन्यातून एकदा समोरासमोर बसणं तुमच्यासाठी गरजेचं आहे, क्लबहाउस नसेल तर गच्चीवर. चाळीस येणार नाहीत. आठ आले तरी खूप. आठ माणसांत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात आणि चहाला वेळ उरतो.

गटात कुणी लेखक किंवा कवी आहे का? असणारच. आपल्याकडे दर इमारतीत एक कवितासंग्रह असतो, बहुधा स्वखर्चाने छापलेला, आणि तो सगळ्यांना सप्रेम भेट मिळालेला असतो. त्यावर ‘सध्या काय वाचताय’मध्ये बोलायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. खोटं बोलावं लागतं, आणि एकदा खोटं बोलायची सवय लागली की बाकीच्या पुस्तकांवरही लोक खोटं बोलतात. त्यांच्यासाठी वर्षातून एक वेगळी संध्याकाळ ठेवा. त्यांना वाचू द्या, टाळ्या वाजवा. त्यात अप्रामाणिक काही नाही, तो समारंभ आहे.

मग काही पुस्तकं अशी, ज्यांच्यावर मत विचारणंच गैरलागू. आमच्या एक काकू रोज दासबोधाचा एक समास वाचत. वीस दशक, दोनशे समास, म्हणजे वर्षात एकदा पुरा होऊन दुसरं आवर्तन बरंचसं सरायचं. त्यांना ‘कसा आहे दासबोध?’ विचारणं म्हणजे तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईला तुळस कशी आहे विचारण्यासारखं. पण ‘कुठवर आलात काकू?’ याला त्या खुशीत उत्तर द्यायच्या आणि आज कुठल्या ओवीपाशी थांबल्या तेही सांगायच्या. गुंतवणुकीची, आरोग्याची पुस्तकं वाचणाऱ्यांना मी वेगळं विचारते: ‘वाचून सोमवारी काय वेगळं केलंत?’ बहुतेकांचं उत्तर ‘काही नाही’ असतं आणि तोच खरा अभिप्राय.

ऐकणाऱ्यांना हलकं लेखू नका. हल्ली बरेच लोक गाडी चालवताना किंवा भाजी निवडताना पुस्तक ऐकतात. त्यांना पान सांगता येत नाही, प्रकरण सांगतील. ऐकलं म्हणजे वाचलं नाही असा वाद काढणारा एक जण हमखास भेटतो. त्याला सांगा, आपल्याकडे कीर्तनातून किती पिढ्यांनी किती ग्रंथ पचवले ते आधी मोज.

आता एक अडचण, जी मतांपेक्षा मोठी आहे आणि तुम्ही विचारली नाहीत. एखाद्याचं बोलणं ऐकून दुसऱ्याला ते पुस्तक वाचावंसं वाटलं, तर ते मिळणार कुठून? पुस्तकांवरचं बोलणं बहुतेक ठिकाणी इथेच सुकतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती सहसा हजारेक प्रतींची असते. ती संपली की पुढची निघेपर्यंत वर्षं जातात. वाचनालयात प्रत एक, फार तर दोन. म्हणून ‘या महिन्यात सगळ्यांनी हेच पुस्तक वाचायचं’ हा प्रकार आमच्याकडे दोनदा करून बघितला आणि दोन्हीदा बारगळला. एक प्रत बावीस जणांत फिरायला वर्ष लागतं.

मग गटावर पीडीएफ येते. तुमच्याकडेही आली असेल. हयात लेखकाच्या पुस्तकाची, कुणीतरी मोबाइलवर पान पान फोटो काढून केलेली. लेखक वारल्यावर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात, हा आपला कायदा. त्याहून जुनं बिनदिक्कत घ्या. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज कुणीही कुणालाही देऊ शकतं, आणि वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची त्यातली वर्णनं वाचून तुमचा गट आठवडाभर बोलेल. पण हजार प्रतींच्या व्यवसायात आजच्या लेखकाची पीडीएफ फिरवणं म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या मुळावर येणं. एवढं एकदा शांतपणे सांगा. पुन्हा आली की काढून टाका, भाषण नको.

त्याऐवजी पुस्तक-भिशी करा. हे मी निवृत्तीनंतर आमच्या गल्लीत केलंय. दहा जणी, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. चिठ्ठी निघेल तिने त्या दोन हजारांची तिला हवी ती पुस्तकं आणायची, कुणी नाक खुपसायचं नाही. अट एकच, पुढच्या महिन्यापर्यंत त्यातल्या एकावर तरी बोलायचं आणि बाकीची फिरवायची. गंमत अशी की पैसे सगळ्यांचे असल्यामुळे कुणी ‘अप्रतिम’वर सुटत नाही. ‘आमचे दोनशे गेलेत, नीट सांग’ असं बायका सरळ म्हणतात. बोलणाऱ्या बाईवर आलेली ती जबाबदारी मी चोवीस वर्षांत कुठल्याही नियमाने आणू शकले नव्हते.

सगळ्यांनी मिळून एकच काही वाचायचंच असेल तर वर्षातून दोनदा, आणि लहान. ‘बनगरवाडी’ चालेल, विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ चालेल. सहा प्रती आणल्या की महिन्यात फिरून होतात. नाहीतर एक कथा घ्या आणि तिथेच बसून वाचून दाखवा. अभिवाचनाला कुणी घरून अभ्यास करून यावं लागत नाही. दिवाळीनंतरचे दोन महिने तर तुम्हाला आयतेच मिळतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस नोव्हेंबरात काही ना काही वाचतोच, निदान चाळतो. त्या काळात ‘कुठल्या अंकातली एक कथा किंवा एक लेख’ एवढंच विचारा. आमच्याकडे वर्षातली सगळ्यात भरलेली बैठक डिसेंबरची असायची.

अभिप्राय वहीचं सांगायचं राहिलं. टेबलावर मी एक वही ठेवली होती, परत करताना दोन ओळी लिहायला. वर्षभरात ती ‘अप्रतिम’ने भरली. दुसऱ्या वहीत मी रकाने आखले: कुठल्या पानावर थांबलात, आणि हे पुस्तक कुणाला द्याल. दुसरा रकाना कमालीचा चालला. ‘एक होता कार्व्हर’समोर कुणी लिहिलं होतं, ‘सातवीतल्या, अभ्यासात मागे असलेल्या मुलाला.’ एका जाडजूड राजकीय कादंबरीसमोर, ‘माझ्या साहेबांना, पण नाव न सांगता.’ ग्रंथपालाच्या परीक्षेसाठी आम्ही रंगनाथन यांची १९३१ सालची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पाठ केली होती. त्यातलं तिसरं, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’, मला परीक्षेनंतर वीस वर्षांनी त्या वहीत भेटलं. तुमच्या गटावर हा प्रश्न जरूर वापरा. मत द्यायला घाबरणारा माणूसही पुस्तक कुणाला द्यावं हे पटकन सांगतो, आणि त्यात त्याचं मत आपसूक येतं.

तेव्हा गट बंद करू नका. नियमांची पाटीही नको. उद्या सकाळी तुम्ही स्वतः, तुमच्या उशाशी जे अर्धवट पडलंय त्याच्याबद्दल चार वाक्यं टाका: कुठवर आलात, काय वाटलं होतं आणि काय निघालं, एक प्रसंग, एक न सुटलेली गोष्ट. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोलणार नाही. दुसऱ्यांदा टाका. तिसऱ्यांदा कुणीतरी एक जण तुमच्या न सुटलेल्या गोष्टीला उत्तर देईल, बहुतेक असा कुणी ज्याने आजवर नुसते अंगठे दिलेत. सोडून गेलेल्या गृहस्थांना गटात परत ओढू नका. त्यांच्याकडे एक पुस्तक घेऊन जा आणि ‘हे अर्धं वाचलंय, पुढे जावं का?’ विचारा. चाळीसांतले तीस कधीच लिहिणार नाहीत. लिहू नयेत. ते वाचतात आणि ऐकतात, तेवढी जागा त्यांना असू द्या.

आषाढातल्या त्या बैठकीचं म्हणाले होते. मी आणि शिपाईमामा, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. मामा सातवी शिकलेले. अकरा वर्षं पुस्तकं लावत होते, पण ते वाचतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी उगीच म्हटलं, ‘मामा, तुम्ही सांगा, सध्या काय?’ तर म्हणाले, ‘बाई, मी मागची बाजू वाचतो.’ म्हणजे मलपृष्ठ. परत आलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात लावायच्या आधी ते मलपृष्ठ वाचायचे, अकरा वर्षं. त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं की कुठल्या पुस्तकांच्या मागे जे लिहिलंय ते आत नसतं. ‘आत नाही हे कसं कळलं?’ तर म्हणाले, ‘माणसं लवकर परत आणतात ना.’ दुसऱ्या महिन्यापासून मामा बैठकीला खुर्चीवर बसू लागले.

आणि मी सध्या काय वाचतेय. श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’, दुसऱ्यांदा. पहिला खंड, निम्म्याच्या थोडं अलीकडे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा १९८७ साली आलेली दोन खंडांची ती कादंबरी तशी नवीच होती आणि मी पंचविशीत होते. खोतांचा तोरा, भानगडी, सगळं रात्रीत ओढून काढल्यासारखं वाचलं होतं. या वेळी मला वाटलं होतं, नावं सगळी आठवतील. आठवत नाहीत. पिढ्या इतक्या की वंशावळ काढून फ्रिजवर चिकटवलीय, आणि नातू तिच्यात मिशा काढतो. डोक्यात राहिलाय तो प्रसंग असा नाहीच, ती जगबुडी नदी आहे. तरुणपणी मी तिची वर्णनं उड्या मारून गाळली असणार, कारण त्यातलं एक अक्षर ओळखीचं वाटत नाहीये. न सुटलेली गोष्ट ही की एवढ्या माजलेल्या घराण्याबद्दल मला पहिल्यांदा जी चीड आली होती ती या वेळी का येत नाहीये. तुम्ही किंवा तुमच्या गटातल्या कुणी वाचलं असेल तर सांगा. शेवट सांगितलात तरी चालेल, मीही तो विसरलेय.